राजाला कोणी आडवं केलं

मी संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगाच माझी बाजू घ्यायला नको. हा गुण मला अप्पांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून मिळाला. ते मद्रासच्या एका कोर्टाच्या दप्तरखान्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी फायलीत लावून त्यांची अशी खात्री झाली होती, की माणूस तोंड उघडतो ते काहीतरी लपवायलाच. आमचा गवळी रोज सकाळी गाय दारात आणून डोळ्यांदेखत दूध काढायचा. तरी अप्पा आधी त्याचं भांडं उपडं करून, झटकून, आत बोट फिरवून बघत. गवळ्याला त्याचं काही वाटत नसे. मला लाज वाटे, आणि अप्पा आत गेले की मी स्वतः भांड्यात एकदा डोकावून घेई.

आमच्या घरात संशयाला कारणही होतं. माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, तीन वर्षांपूर्वी एक लग्न जमत आलं होतं. मुलगा आमच्यातलाच, तंजावरकडचा, बँकेत नोकरीला. त्याला भेटून यायला मला पाठवलं होतं. मी भेटलो, कॉफी प्यालो, आणि घरी येऊन सांगितलं, मनुष्य एकदम सरळ आहे. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी कळलं, की त्या सरळ माणसाची एक बायको कोइमतूरला आहे. अक्का तेव्हा मला एका शब्दाने बोलली नाही. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला शाळेत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

साठ साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. मी जॉर्ज टाउनमध्ये बंदरावरचा माल सोडवणाऱ्या एका कचेरीत कारकून होतो. घर तिरुवल्लिकेणीला. शनिवारी अर्धा दिवस सुटी मिळाली की मी मूर मार्केटात जुन्या पुस्तकांचे ढीग उपसत बसायचो. तिथे मला कव्हर फाटलेली एक पातळ इंग्रजी पुस्तिका मिळाली. टेबलावर लढाया कशा खेळाव्यात, हे तिच्यात होतं. दोन्ही बाजूंना दहा-बारा सैनिक, एक-एक सेनापती, चाल मोजायला काठी, मारा ठरवायला फासे. नियम सगळे मिळून चार पानं. पुढे दहा-बारा लढायांचे नकाशे होते.

त्या सगळ्या लढाया परक्या मुलखातल्या होत्या. गोठलेली नदी, पाइनचं रान, बर्फात रुतलेले घोडे. मद्रासला बसून बर्फाची लढाई कोण खेळणार? मी त्या लढाया आमच्याकडच्या करून घेतल्या. नदीच्या जागी तळं आणि तळ्याचा बांध आला. बर्फाचा झाला भातशेतीचा चिखल, कारण नियम तोच, चाल निम्मी. पाइनच्या जागी ताडाची झाडं लावली आणि डोंगरावर जिंजीचा किल्ला बसवला. सैनिकही विकत आणले नाहीत. आमच्याकडे नवरात्रात कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या ठेवतात. त्यातल्या छोट्या मातीच्या बाहुल्या वर्षभर पेटीत पडून असायच्या. पोलिस बँडातले बारा वादक आणि लग्नाच्या वरातीतले बारा भोई, ही माझी दोन सैन्यं. फासे दायम नावाच्या सोंगट्यांच्या खेळातले, लांबट, पितळी. मोजायची काठी म्हणजे खराट्याची काडी, वीतभर कापलेली.

एक नियम मात्र मी पुस्तिकेत नसलेला, माझ्या पदरचा घातला होता. मेलेला सैनिक आडवा करायचा, पण तो ज्याचा त्यानेच, आपल्या हाताने. दुसऱ्याच्या बाहुलीला बोट लावायचं नाही. सेनापती आडवा झाला की लढाई संपली.

खेळायला कोणी नव्हतंच. कचेरीतल्या लोकांना हा पोरखेळ वाटायचा. त्यामुळे मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचो, आणि माझ्या उजव्या हाताने डाव्याला फसवलं असा वहीम येऊन कधीकधी डाव मोडून टाकायचो. हसू नका, खरंच मोडायचो.

त्या वर्षी पितृपक्ष संपता संपता अप्पांचे एक जुने स्नेही अक्कासाठी स्थळ घेऊन आले. मुलगा पुण्याचा. अंबत्तूरला नव्या कारखान्यांची वसाहत उभी राहत होती, तिथे स्प्रिंगा बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात देखरेखीला होता. राहायला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडच्या लॉजमध्ये. त्याची आई पुण्याला, बाकी मागे कोणी नाही. वय बत्तीस. फोटोत चेहरा शांत होता, आणि मला शांत चेहऱ्यांचा अनुभव होता.

‘‘पुण्याचा मनुष्य हकडे मद्रासला कशाला येतो की?’’ अप्पा म्हणाले. आमच्या घरची मराठी तंजावरची, जुन्या वळणाची, तमिळ सुरात बोलली जाणारी. ‘‘तकडे कारखाने नाहीत काय? काहीतरी सोडून आलाय.’’

कुठेतरी पाणी मुरतंय, असं मलाही वाटलंच. अप्पांनी तोड काढली. पाहुण्याला नवरात्रात रोज संध्याकाळी कोलू बघायला बोलवायचं, आणि मी त्याच्याशी माझा तो खेळ खेळायचा. ‘‘नऊ दिवस खेळताना मनुष्य किती लपवील? अस्कं बघ, आणि दसऱ्याला मज सांग. तू हो म्हणट्लास तर हो. मागल्यासारखं मात्र होणा.’’

‘अस्कं’ म्हणजे सगळं, आणि ‘होणा’ म्हणजे नको. म्हणजे अक्काचं लग्न माझ्या एका शब्दावर येऊन टेकलं.  अक्काने पाहुण्याला देवळात एकदा लांबून बघितलं होतं आणि एकदा मध्यस्थांच्या घरी सगळ्यांसमक्ष चार वाक्यं बोलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा ती दाराशी आली.

‘‘मज तो बरा वाटतो,’’ ती म्हणाली. अशी ती कधी बोलत नसे. ‘‘तू नीट बघ. पण नसलेलं बघू नको.’’

आमच्या कोलूच्या खालच्या अंगाला दरवर्षी ‘पार्क’ असायचं. वाळू पसरून त्यात मोहरी-मेथी पेरायची, आरसा ठेवून तळं करायचं, बाजूला खेळण्यातली घरं. त्या वर्षी आईला विचारून मी त्या पार्कातच रणभूमी आखली. मोहरी उगवली की रान होणार, आरशाचं तळं, वाळूचा बांध आणि कोपऱ्यात मातीच्या ढेकळांचा किल्ला. पाहुण्याच्या बाजूला पोलिस बँड दिला आणि सेनापती म्हणून पुढ्यात डाळ-तांदूळ मांडून बसलेला लठ्ठ शेट्टी वाणी. माझ्याकडे वरातीचे भोई, आणि सेनापती म्हणून मी वरच्या पायरीवरचा लाकडी राजा मागितला. लाल चंदनाची ती राजा-राणीची जोडी आईला तिच्या लग्नात माहेरहून मिळाली होती. आईने राजा हातात घेऊन पदराने पुसला.

‘‘पार्क पण कोलूच,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘पण राजाला नीट ठेव.’’

पाहुणा पहिल्या संध्याकाळी आला तो सातच्या ठोक्याला. इतकं वेळेवर कोण येतं, हा माझा पहिला विचार. आईच्या पाया पडला, अप्पांच्या पडला. पुस्तिका हातात घेऊन पाच मिनिटांत चारही पानं वाचून काढली आणि विचारलं, ‘‘तळ्याच्या काठाकाठानं गेलं तर चिखल धरायचा का?’’

हा प्रश्न मी स्वतःला महिनाभराने विचारला होता. याने आधी कुठेतरी खेळलेलं असणार आणि मुद्दाम सांगत नसणार. मनात पाल चुकचुकली ती तिथपासून.

दुसऱ्या दिवशी त्याचे तीन ढोलवाले एकदम मेले. त्याने ते हसत हसत स्वतःच्या हाताने आडवे केले आणि म्हणाला, ‘‘वाजवणारे गेले, आता गुपचूप यावं लागणार.’’ हरताना हसणारा माणूस मला कधी पटलेला नाही. हरल्यावर नाकाला मिरच्या झोंबायला हव्यात. माझ्या झोंबतात.

तिसऱ्या दिवशी त्याने खिशातून एक छोटी वही काढली. प्रत्येक चालीनंतर तीत काहीतरी लिही आणि मी मान लांब केली की वही मिटे. काय लिहीत होता? आईने सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, दिलं की लिही. अक्का आतून काही बोलली की लिही. मी अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, वही बघायला मिळते का बघ. मिळाली नाही.

मग मी सापळे लावायला सुरुवात केली. कोलूपुढच्या रांगोळीचं पीठ घेऊन दर बाहुलीच्या पायाभोवती बारीक कडं काढून ठेवलं, म्हणजे कोणी हलवली तर कळावं. चौथ्या दिवशी लढाईत फेरफार केला. किल्ल्याला नवी कुमक येणार, पण ती कुठून येईल ते फक्त मला माहीत, असा नियम घातला आणि कुमकेचा कागद त्याच्यासमोर घडी घालून ठेवून मुद्दाम पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा कागद होता तिथेच होता. पाचव्या दिवशी नियम पुन्हा बदलला, आता तळं आटलं म्हणून. सहाव्या दिवशी भरलं म्हणून. दर बदल माझ्याच फायद्याचा होता, हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. पण मी परीक्षा घेत होतो आणि परीक्षकाला सगळं माफ असतं, अशी माझी समजूत होती. तो दर वेळी ‘‘बरं’’ म्हणायचा आणि खेळायचा. इतका सोसणारा माणूस हातचं काहीतरी राखून असणारच.

सातव्या दिवशी माझे दोन भोई बोटभर मागे सरकलेले सापडले. कडं फिसकटलेलं! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘मोहरीला पाणी घातलं मी. वाळू खचली असेल.’’ मी खाली वाकून बघितलं. वाळू ओली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो हिरमोड.

नवव्या दिवशी खेळ नव्हता. त्या दिवशी आमच्याकडे पुस्तकं आणि हत्यारं देवीपुढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. अक्काचे गणिताचे ग्रंथ, अप्पांचा चष्मा, आईची विळी, आणि त्यांच्या रांगेत माझी फाटकी पुस्तिका, पितळी फासे आणि खराट्याची काडी. पाहुण्याकडे कारखान्यात यंत्रांची पूजा होती. मी दिवसभर पार्कावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. राजा बांधाच्या आड, त्याच्याभोवती चार भोई. समोर शेट्टी आणि तीन बँडवाले. उद्या एका फाशात निकाल.

त्या संध्याकाळी मी माझी साक्ष मनात लिहून काढली, आणि मला मान्य करावं लागलं, की नऊ दिवसांत त्या माणसाविरुद्ध माझ्याकडे काडीचाही पुरावा नव्हता. उद्या अप्पांना हो सांगायचं, असं मी ठरवलं. आणि ठरवल्याबरोबर भीती वाटली. मागच्या वेळीही पुरावा नव्हताच.

दसऱ्याला तो पांढरा धुतलेला सदरा घालून आला. देवीपुढची पुस्तकं उचललेली होती. मी फासे मांडले. आईची देवघरात आरती चालली होती, अप्पा बाहेर ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. दोन चाली झाल्या. आतून अक्काने हाक मारली, कॉफी झाली, घेऊन जा. मी आत गेलो. दोन पेले भरले, अक्काने एकात साखर जास्त घातली, ती कोणासाठी, हे न विचारताही कळलं. मी हसलो. तीही हसली. एवढाच वेळ मी आत होतो.

बाहेर आलो तर राजा आडवा पडला होता. पिठाचं कडं पुसलं गेलेलं. समोर पाहुणा, हात मांडीवर, वही मिटलेली, चेहरा लालबुंद. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

‘‘राजाला कोणी आडवं केलं?’’

त्याने माजघराच्या दाराकडे एकदा बघितलं. ‘‘जाऊ द्या ते,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘उभा करा. पुढे खेळू.’’

‘‘पडलाच कसा? तुम्ही हात लावलात?’’

त्याने मिटलेली वही खिशात घातली.

‘‘हात लावलात की नाही?’’

‘‘समजा लावला.’’

नऊ दिवस मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या हातात येऊन पडलं होतं आणि माझा तोल सुटला. मी काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पोरांच्या खेळात लबाडी करणारा घरात काय करील, असं म्हणालो. पुण्याला काय सोडून आलात, असं म्हणालो. कोइमतूरची बायकोसुद्धा मी त्याच्या गळ्यात घातली.  अप्पा दारात येऊन उभे राहिले होते. अक्का आतल्या दारात होती. तो उठला, अप्पांना नमस्कार केला, अक्काकडे बघायचं टाळलं आणि चपला घालून गेला. कॉफी तशीच राहिली. मी राजा उचलून परत उभा केला, माझा हक्क असल्यासारखा.

आई त्याआधीच मागच्या दाराने शेजारच्या घरी कोलूचं हळदीकुंकू घ्यायला गेली होती. ती आली तेव्हा अप्पांनी तिला एवढंच सांगितलं, खोटा निघाला. कसा, ते तिने विचारलं नाही. आमच्याकडे आईला कोणी फारसं सांगत नसे आणि ती विचारत नसे. जेवणाआधीच अप्पांनी मध्यस्थांना पत्र सांगितलं, मी ते लिहिलं. ‘योग दिसत नाही.’ सकाळी जाताना टपालाच्या पेटीत टाकायचं म्हणून ते मी सदऱ्याच्या खिशात ठेवलं. अक्का वह्या तपासत बसली होती. तिने वर बघितलं नाही.

सकाळी आई बाहुल्या आवरत होती. जुन्या धोतराच्या फडक्यांत एकेक गुंडाळून पेटीत. मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा ती पार्कापाशी कंबरेवर हात ठेवून उभी होती.

‘‘राजाला कोण उठवट्लं?’’

मी म्हटलं, म्हणजे?

‘‘काल आरती झाल्यावर मी निजवट्लं त्याला. रात्रभर निजायला होणा काय? सकाळ होईतोवर उठवायचं नाही. अपशकुन आहे तो.’’

माझ्या पायाखालची वाळू सरकली. दसऱ्याच्या संध्याकाळी कोलूतली एक बाहुली निजवायची, म्हणजे उत्सव संपला, ही आमच्या घरची, गल्लीतल्या प्रत्येक घरची रीत. आमच्याकडे मान राजाचा. कळायला लागल्यापासून दर वर्षी मी ते बघत आलो होतो. राजा वरच्या पायरीवर नव्हता, पार्कात होता, म्हणून आईने त्याला पार्कात निजवलं. एवढी साधी गोष्ट. पण मला त्या संध्याकाळी राजा दिसलाच नाही, मला फक्त माझा मेलेला सेनापती दिसला.

मी सदरा चढवला. सरळ सेंट्रल स्टेशनावर गेलो आणि आवडी गावाकडे जाणारी गाडी पकडली. कचेरी बुडाली. अंबत्तूरला तेव्हा अर्ध्या जमिनीवर शेडी आणि अर्ध्या जमिनीवर झुडपं होती. विचारत विचारत त्याचा कारखाना शोधला. यंत्रांना कालची झेंडूची फुलं अजून लटकत होती. तो हाताला तेल लागलेला बाहेर आला, मला बघून थांबला.

मी सगळं सांगितलं. रीत सांगितली, आईने राजाला निजवलं ते सांगितलं, माफी मागितली.

‘‘आईंनी आडवा केला, ते मला माहीत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्यासमोरच केला.’’

‘‘मग सांगितलं का नाहीत?’’

तो चिंधीने हात पुसत राहिला. ‘‘आमच्याकडे बाहुल्या मांडत नाहीत. मला ही रीत माहीत नव्हती. तुम्ही आत गेलात, आई आरती करून आल्या, तुमचा राजा आडवा केला, आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं...’’ त्याचा चेहरा पुन्हा कालच्यासारखा लाल झाला. ‘‘मला वाटलं, त्या मला जिंकून देतायत. म्हणजे मी त्यांना पसंत आहे. आता त्यांनी लबाडी केली, असं मी तुम्हाला कसं सांगणार? त्यांच्याच घरात?’’

 नऊ दिवस मी त्याच्यातला लबाड शोधत होतो, आणि त्याने माझ्या आईची नसलेली लबाडी स्वतःच्या अंगावर घेतली होती.

‘‘म्हणजे ते फक्त झोपवणं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘होकार नव्हता.’’

ते त्याने विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं, आणि म्हणताना यंत्राकडे बघत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा पुरावा न बघता साक्ष दिली. म्हटलं, ‘‘होता. आई कोणाकडेही बघून हसत नाही.’’

परतीच्या गाडीत मी माझीच साक्ष तपासून बघितली. आई खरोखर त्याला पसंत करत होती का, हे मला कुठे ठाऊक होतं? तिला कोणी विचारलंच नव्हतं. नऊ दिवस मी वही बघितली, वाळू बघितली, पीठ बघितलं, आईकडे एकदाही बघितलं नाही.

घरी आलो तेव्हा पेटी बंद झाली होती. अप्पा आणि आई दोघंही ओसरीवर होती, अक्का शाळेतून आलेली. मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, शेवटच्या खोट्यासकट. अप्पांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘‘साक्षीदार फिरला म्हणायचा.’’

मी आईला विचारलं, ‘‘तुज तो पसंत आहे की नाही?’’

‘‘आत्ता विचारतोस?’’ आई म्हणाली. ‘‘मी राजाला निजवायला आले तर तो उठून उभा राहिला. मी बसेतोवर बसला नाही, आणि मी तर बसलेच नाही. रोज तसाच. मला बघून ह्या घरात कोण उठून उभं राहतं?’’

 मी खिशातलं पत्र काढलं आणि अक्काच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, अक्षर माझं होतं. घडी केली, पुन्हा उलगडली आणि चार तुकडे केले. ‘‘नसलेलं बघू नको म्हणट्लं होतं,’’ ती म्हणाली आणि मग रडली. तीन वर्षांपूर्वी जे रडायचं राहिलं होतं, तेही त्यातच असावं. अप्पा चपला घालून मध्यस्थांकडे निघाले. मला बरोबर चल म्हणाले नाहीत.

लग्न मार्गशीर्षात झालं. वहीचं मला नंतर अक्काकडून कळलं. आमच्या घरात कानावर पडलेले तमिळ शब्द तो लिहून घेत होता, आणि चुकीचे असतील म्हणून दाखवायला लाजत होता. पुण्याहून तो आला होता, कारण तिथल्या कारखान्यात त्याचा पगार कमी होता. एवढंच.

लाल चंदनाची राजा-राणी आईने अक्काला दिली. पुढच्या नवरात्रात कोलू अंबत्तूरला त्यांच्या भाड्याच्या घरात बसला. भावोजींनी पार्क फार सुंदर केलं होतं. कारखान्यातल्या फुकट गेलेल्या स्प्रिंगा वापरून झुलणारा पूल केला होता. मी जाताना पुस्तिका, फासे, काडी आणि दोन्ही सैन्यं घेऊन गेलो. वर्षभर मी त्यांच्याशी खेळलो नव्हतो, आणि खरं सांगायचं तर मला आयुष्यात मिळालेला तो एकच जोडीदार होता. इतकं चांगलं कोणी खेळत नसे.

‘‘डाव मांडू या?’’ मी विचारलं.

‘‘तुम्ही मांडा,’’ भावोजी नेहमीच्या शांतपणे म्हणाले. ‘‘मी बघतो.’’

ते रागावलेले नव्हते. मला सुंडल दिलं, जवळ पाट घेऊन बसले. मी वरात एका बाजूला मांडली, बँड दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायला लागलो. पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत भावोजी माझ्या हातांकडे बघत बसले होते.